कर्करोगासह जगताना : ब्रिटनमधील मराठी कुटुंबांसाठी माहितीच्या आणि आधाराच्या वाटा

निदान कळते तो दिवस बहुतेकांच्या स्मरणात तुटक तुटक उरतो. डॉक्टरांनी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला. त्यापुढचे सारे बोलणे कानांवर पडले, पण मनात शिरले नाही, असे सांगणारे रुग्ण असंख्य आहेत. परदेशातील मराठी कुटुंबात या क्षणाला आणखी एक पदर असतो. डॉक्टर इंग्रजीत बोलत असतात, आई मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असते, आणि मुलगा ऐकलेल्या वाक्याचे मराठी करता करता मध्येच थांबतो. घरी परतल्यावर पुण्याला, नागपूरला किंवा कोल्हापूरला फोन करायचा की नाही, केला तर कोणत्या शब्दांत सांगायचे, मंडळातल्या परिचितांना कळू द्यायचे की नाही, असे प्रश्न रोगाच्या बरोबरीने घरात शिरतात.

ब्रिटनमध्ये जवळजवळ दोनपैकी एका व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी कर्करोगाचे निदान होते, असा अंदाज आहे. त्यामुळे या देशात रुग्ण आणि कुटुंबीय यांच्यासाठी आधाराची मोठी व्यवस्था उभी राहिली आहे, आणि तिचा बराचसा भाग विनामूल्य आहे. मात्र ती आपण होऊन दारात येईलच असे नाही. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. कोणाकडे काय मागावे हे ठाऊक नसल्यामुळे, किंवा मागण्याचा संकोच वाटल्यामुळे, अनेक कुटुंबे हक्काच्या मदतीवाचून महिने काढतात. त्या मदतीच्या वाटा कोणत्या, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

पहिला धागा : तज्ज्ञ परिचारिका

राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, कर्करोगाच्या उपचारांचा निर्णय एकटा डॉक्टर घेत नाही. शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि परिचारिका यांचा चमू एकत्र बसून प्रत्येक रुग्णाच्या तपासण्यांवर चर्चा करतो. ‘तुमचे प्रकरण पुढच्या बैठकीत ठेवू’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा काही गंभीर दडवले जात आहे असा अर्थ नसतो. ती नेहमीची पद्धत आहे.

या चमूतील रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत जवळची व्यक्ती म्हणजे ‘क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट’. स्तनांचा, आतड्यांचा, फुप्फुसांचा, रक्ताचा अशा एकेका प्रकारच्या कर्करोगाचे विशेष प्रशिक्षण घेतलेली ही परिचारिका रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातील दुवा असते. तिचे नाव व थेट दूरध्वनी क्रमांक निदानाच्या दिवशीच मागून घ्यावा. पुढची तपासणी केव्हा, अहवालातील अमुक शब्दाचा अर्थ काय, भूक का लागत नाही, कामावर जाता येईल का, या प्रश्नांसाठी कन्सल्टंटच्या पुढच्या भेटीची वाट पाहण्याचे कारण नाही. वारंवार फोन केला तर त्यांना त्रास होईल, हा आपल्याकडचा भिडस्त विचार येथे बाजूला ठेवावा. ते तिचे कामच आहे.

याच परिचारिकेकडून रुग्णाच्या एकूण गरजांची पाहणी करून घेता येते. ‘होलिस्टिक नीड्स असेसमेंट’ या नावाची ही प्रश्नावली केवळ दुखण्याखुपण्याची नसते. झोप, भीती, पैसा, मुले, श्रद्धा, दांपत्यजीवन या सर्वांविषयी तीत विचारणा होते व त्यावरून मदतीचा आराखडा ठरतो. प्रत्येक प्रश्नापुढे ‘सर्व ठीक’ असे लिहून मोकळे होणारा रुग्ण स्वतःचेच नुकसान करून घेतो.

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे तीन आरंभीच विचारावेत. सोबत एक माणूस असावा, व त्याने टिपणे घ्यावीत. डॉक्टरांना सांगून संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करता येते. घरी शांतपणे ऐकताना त्याचा मोठा उपयोग होतो. कन्सल्टंट जीपीला जे पत्र पाठवतात त्याची प्रत मागावी. कर्करोगाचा प्रकार, त्याचा टप्पा, पेशींची प्रत आणि ठरलेले उपचार या चार गोष्टी त्या पत्रात नेमकेपणाने लिहिलेल्या असतात. पुढे कोठेही सल्ला घ्यायचा झाला तर हेच पत्र पायाभूत ठरते.

दुभाषा हा उपकार नव्हे

आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तर मुलाने किंवा सुनेने भाषांतर करावे, ही मराठी घरांतली सर्वसाधारण रीत. ती प्रेमापोटी असली तरी धोक्याची आहे. जवळचा माणूस नकळत वाक्ये मऊ करतो. ‘आजार पसरला आहे’ याचे ‘थोडे वाढले आहे’ होते. ‘हे उपचार बरे करण्यासाठी नसून आजार आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत’ हे वाक्य तर कित्येकदा भाषांतरित होतच नाही. उलट दिशेनेही तेच घडते. शौचातून रक्त जाते किंवा अंगावरून जाते, हे आई मुलासमोर बोलत नाही, आणि डॉक्टरांपर्यंत ती माहिती पोहोचतच नाही.

एनएचएसमध्ये प्रशिक्षित दुभाष्याची सोय रुग्णासाठी विनामूल्य असते. भेटीची वेळ ठरवतानाच ‘मराठी दुभाषा हवा’ असे कळवावे. ‘भारतीय’ एवढेच सांगितले तर हिंदी किंवा गुजराती दुभाषा येण्याचा संभव असतो, म्हणून भाषेचे नाव स्पष्ट सांगावे. प्रत्यक्ष दुभाषा मिळाला नाही तर दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओद्वारे तो उपलब्ध करून देता येतो. लहान मुलांना तर या कामाला कधीही लावू नये. कुटुंबीयांनी सोबत जरूर बसावे, परंतु मुलगा म्हणून, मुलगी म्हणून. भाषांतरकार म्हणून नव्हे.

चार संस्था, चार प्रकारचे साहाय्य

डग्लस मॅकमिलन या तरुणाच्या वडिलांचे कर्करोगाने निधन झाले, आणि त्या दुःखातून त्याने १९११ साली एक छोटी संस्था काढली. तीच आजची ‘मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट’. तिच्या विनामूल्य दूरध्वनीवर (०८०८ ८०८ ०० ००) परिचारिकांप्रमाणेच आर्थिक लाभांची आणि नोकरीविषयक हक्कांची माहिती असलेले सल्लागार बोलतात. इंग्रजीत अडचण असल्यास आपल्या भाषेचे नाव इंग्रजीतून सांगितले की दुभाष्याला संभाषणात जोडून घेतले जाते. अनेक रुग्णालयांत मॅकमिलनची माहिती केंद्रेही आहेत.

‘कॅन्सर रिसर्च यूके’ ही संस्था संशोधनासाठी ओळखली जात असली तरी रोग, उपचार व त्यांचे दुष्परिणाम यांची सोप्या इंग्रजीतील माहितीही ती प्रसिद्ध करते. तिच्या परिचारिकांशी ०८०८ ८०० ४०४० या क्रमांकावर बोलता येते. ब्रिटनमध्ये चालू असलेल्या उपचार-चाचण्यांची सूचीही तिच्याकडे पाहता येते.

‘मॅगीज’ या केंद्रांची कथा वेगळी आहे. मॅगी केसविक जेंक्स या लेखिका व उद्यानरचनाकार. १९९३ साली त्यांचा स्तनांचा कर्करोग उलटला. आता काही महिनेच उरले आहेत हे ऐकल्यावर स्वतःला सावरण्यासाठी त्यांच्या वाट्याला आली ती रुग्णालयातील एक बिनखिडकीची जागा. जगण्याची आशा मावळलेल्या माणसाला निदान उजेड दिसावा, बसायला घरासारखी जागा मिळावी, या कल्पनेवर त्यांनी उरलेला काळ खर्च केला. १९९५ साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी एडिंबरामध्ये पहिले केंद्र उघडले. आज ब्रिटनभर अशी वीसहून अधिक केंद्रे मोठ्या रुग्णालयांच्या आवारात आहेत. लंडनमधील चेरिंग क्रॉस रुग्णालयाजवळच्या केंद्राच्या इमारतीला २००९ सालचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. या केंद्रांत स्वागतकक्ष नाही, मध्यभागी स्वयंपाकघरातले टेबल असते. कोणीही, चिठ्ठीवाचून आणि वेळ न ठरवता, आत जावे, चहा घ्यावा, वाटल्यास बोलावे, न वाटल्यास नुसते बसावे. मानसोपचारतज्ज्ञ व आर्थिक सल्लागारही तेथे भेटतात. रुग्णाच्या पतीला, पत्नीला, मुलांनाही तेथे तितकेच स्वागत असते, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसते.

चौथी संस्था १९४८ साली स्थापन झालेली ‘मेरी क्युरी’. आजार बरा होण्यापलीकडे गेल्यावर घरी रात्रीची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि हॉस्पिसमधील सेवा ती विनामूल्य देते.

मध्यरात्रीचा ताप

माहितीचा एक तुकडा मात्र कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावण्याच्या योग्यतेचा आहे. केमोथेरपीने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी झालेला साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून उपचार सुरू होताना रुग्णालय एक कार्ड देते. त्यावर चोवीस तास चालू असणारा दूरध्वनी क्रमांक असतो. ताप ३८ अंश सेल्सियस झाला (काही रुग्णालये ३७.५ अंशांचीच मर्यादा सांगतात), थंडी वाजून आली, किंवा ताप नसतानाही एकाएकी फार बरे वाटेनासे झाले, तर त्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. सकाळपर्यंत थांबू नये.

आपल्याकडे अंग गरम लागले की पॅरासिटामॉलची गोळी घेऊन झोपण्याची सवय असते. या काळात तापमान मोजण्यापूर्वी अशी गोळी घेऊ नये. तिने ताप झाकला जातो, संसर्ग मात्र वाढत राहतो. तापमापक घरात आहे ना, आणि चालतो ना, याची खात्री पहिल्या केमोथेरपीपूर्वीच करून घ्यावी.

आकडे वाचण्याची रीत

निदानानंतरच्या पहिल्या रात्री बहुतेक जण इंटरनेटवर एकच गोष्ट शोधतात : ‘किती दिवस?’ उत्तरादाखल टक्केवारी समोर येते, आणि ती निकालपत्रासारखी वाचली जाते. ‘पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण’ हा आकडा पाच किंवा अधिक वर्षांपूर्वी निदान झालेल्या लोकांचा असतो. त्यानंतर आलेल्या औषधांचा परिणाम त्यात पुरता उतरलेला नसतो. शिवाय त्यात सर्व वयांचे, सर्व प्रकृतींचे, वेगवेगळ्या टप्प्यांवर निदान झालेले रुग्ण एकत्र मोजलेले असू शकतात.

अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातील मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. त्या रोगात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने आहे, असे त्यांनी वैद्यकीय ग्रंथालयात वाचले. मात्र ते संख्याशास्त्र जाणणारे होते. मध्यक आठ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगतात, आणि त्या निम्म्यांतले काही पुष्कळ अधिक जगतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आपले वय, लवकर झालेले निदान आणि उत्तम उपचार पाहता आपण त्या लांब शेपटीत असू शकतो, असा विचार त्यांनी केला व १९८५ साली त्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. निदानानंतर ते वीस वर्षे जगले; २००२ साली त्यांचा मृत्यू झाला तो दुसऱ्याच कर्करोगाने. प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला असे आयुष्य येईल असा याचा अर्थ नाही. आकडा समूहाचे वर्णन करतो, समोर बसलेल्या माणसाचे भविष्य सांगत नाही, एवढाच त्याचा बोध. म्हणून आकडे जाणून घ्यायचे की नाही हे रुग्णाने ठरवावे, आणि जाणून घ्यायचे तर स्वतःच्या डॉक्टरांकडून, ‘माझ्या बाबतीत याचा अर्थ काय?’ असे विचारून.

काढे, चूर्णे आणि कुटुंबाच्या ग्रुपवरचे संदेश

बातमी नातेवाइकांत पोहोचताच सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. हळदीच्या गोळ्या, गुळवेल, अश्वगंधा, गोमूत्र, साखर संपूर्ण बंद. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते. माहिती पारखलेली असतेच असे नाही. भाजीतली हळद हा प्रश्न नाही. मात्र एकवटलेल्या अर्काच्या गोळ्या औषधांच्या कार्यात ढवळाढवळ करू शकतात किंवा यकृतावर ताण आणू शकतात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात केली होती. जे काही घेतले जाते ते, डब्याचे छायाचित्र दाखवून, कर्करोगतज्ज्ञांना किंवा रुग्णालयातील औषधनिर्मात्यांना सांगावे. ते हसतील किंवा रागावतील या भीतीने लपवू नये. आणि कोणताही मजकूर वाचताना तीन प्रश्न विचारावेत : हे कोण सांगते आहे? केव्हा लिहिले आहे? सांगणाऱ्याला यातून काही विकायचे आहे का?

पैसा, नोकरी आणि व्हिसा

इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीला शुल्क पडते, परंतु कर्करोगाच्या रुग्णांना २००९ सालापासून त्यातून सूट आहे. त्यासाठी जीपीकडून किंवा रुग्णालयातून ‘एफपी९२ए’ हा अर्ज भरून घ्यावा लागतो. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे या चिठ्ठ्या सर्वांनाच विनामूल्य आहेत.

नोकरीच्या बाबतीत, इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये लागू असलेल्या २०१० सालच्या समानता कायद्यानुसार कर्करोग निदानाच्या दिवसापासूनच विकलांगता मानला जातो. त्यामुळे मालकाने वाजवी सवलती देणे बंधनकारक ठरते : उपचारांच्या भेटींसाठी मोकळीक, हलके काम, बदललेल्या वेळा, टप्प्याटप्प्याने कामावर परतणे. उपचार संपल्यावरही हे संरक्षण कायम राहते.

व्हिसावर राहणाऱ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. आरोग्य अधिभार भरून आलेल्यांना एनएचएसचे उपचार इतर रहिवाशांप्रमाणेच मिळतात. मात्र ज्यांच्या परवान्यावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे, त्यांनी ‘पीआयपी’सारखे शासकीय भत्ते घेतल्यास व्हिसाच्या अटीचा भंग होऊ शकतो. मालकाकडून मिळणारे आजारपणाचे वैधानिक वेतन, जे २८ आठवड्यांपर्यंत मिळू शकते, त्या निधीत मोडत नाही. म्हणून कोणताही अर्ज भरण्यापूर्वी मॅकमिलनच्या सल्लागारांशी व अधिकृत स्थलांतर सल्लागाराशी बोलावे.

सर्वांत कठीण पेच पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचा. सहा महिन्यांसाठी नातवंडांना भेटायला आलेल्या आजीला येथे गाठ लागली, तर जीपीची तपासणी विनामूल्य होते. पण रुग्णालयातील नियोजित उपचारांचे इंग्लंडमध्ये मूळ खर्चाच्या दीडपट देयक आकारले जाते. ५०० पौंडांहून अधिक देणे थकले तर पुढच्या व्हिसावर त्याचा परिणाम होऊ शकतो. तथापि तातडीचे उपचार पैशाअभावी थांबवता येत नाहीत, आणि धर्मादाय हॉस्पिसची सेवा या आकारणीतून वगळलेली आहे. उपचार येथे करायचे की प्रवास शक्य आहे तोवर मायदेशी परतायचे, याचा निर्णय डॉक्टरांना हीच परिस्थिती स्पष्ट सांगून लवकर घ्यावा. संकोचात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

मायदेशीचे दार

उलट प्रसंगही तितकाच नेहमीचा : मुलगी लंडनला, वडील साताऱ्याला, आणि अहवालांचे फोटो फोनवर. अशा वेळी दुरून करता येण्याजोगे पुष्कळ असते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून कार्यरत आहे. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने देशभरातील रुग्णालये परस्परांशी जोडली आहेत, त्यामुळे प्रत्येक रुग्णाला मुंबईच गाठावी लागते असे नाही. टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने चालणाऱ्या ‘नव्या’ या सेवेद्वारे अहवाल पाठवून तज्ज्ञांचे मत मागवता येते. १९५१ साली स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ सालापासून काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईच्या संस्था आर्थिक व मानसिक आधार देतात. परदेशातील मुलाने दररोज नवी लिंक पाठवण्यापेक्षा कागदपत्रांची एक सुसंगत फाइल ठेवावी, आणि प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या भावाला वा वहिनीला विसाव्याचे दोन दिवस मिळतील अशी व्यवस्था करावी. ती मदत अधिक मोलाची.

घरातले मौन

‘त्यांना सांगू नका, धीर सोडतील,’ हे वाक्य मराठी घरांत आजही उच्चारले जाते. ब्रिटनमध्ये आकलनक्षम रुग्णाला त्याच्या आजाराविषयी जाणून घेण्याचा हक्क आहे. कुटुंबाच्या विनंतीवरून डॉक्टर त्याच्याशी खोटे बोलणार नाहीत. रुग्णाला नको असेल तर मात्र तपशील न ऐकण्याचाही त्याला अधिकार आहे. म्हणून ‘सांगायचे का?’ याहून ‘तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?’ हा प्रश्न योग्य, आणि तो रुग्णालाच विचारायचा असतो. बहुधा असे दिसते, की ज्यांच्यापासून लपवले जाते त्यांना सारे कळलेले असते. ते केवळ आपल्या माणसांना त्रास नको म्हणून न कळल्यासारखे वागतात. एकाच छपराखाली सगळे जण एकमेकांना सांभाळत एकटे पडतात.

‘पॅलिएटिव्ह केअर’ या शब्दाभोवतीही असेच भय आहे. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून ही शाखा वाढत गेली. मुंबईतील वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ सालचे. वेदना, दम, मळमळ, निद्रानाश यांवर उतारा देणारी ही सेवा अखेरच्या दिवसांपुरती नाही. इतर उपचार चालू असतानाही ती घेता येते. तिची चिठ्ठी मिळाली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा अर्थ काढू नये.

शेजारीपाजारी, मंडळातले स्नेही यांनाही येथे भूमिका आहे. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याने मदत होत नाही, कारण कोणी सांगत नाही. ‘मंगळवारी किरणोपचाराला मी गाडीने नेईन’, ‘गुरुवारचा डबा आमच्याकडून’, ‘मुलांना शाळेतून मी आणीन’ असे नेमके बोलणे उपयोगी पडते. डबा देताना तिखट कमी, कारण उपचारांत तोंड आलेले असते. आणि सांत्वनाला गेल्यावर अमक्याच्या काकांचे काय झाले, ही कथा सांगू नये.

कर्करोगासह जगणे हे आता अनेकांच्या बाबतीत महिन्यांचे नव्हे, वर्षांचे काम आहे. त्या वर्षांत माहिती एकदम लागत नाही. आज लागते तेवढी आज, उद्याची उद्या. निदानाच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ : तज्ज्ञ परिचारिकेचा क्रमांक फोनमध्ये, कन्सल्टंटच्या पत्राची प्रत फाइलमध्ये, आणि घरातल्या निदान एका माणसाशी, आपल्या भाषेत, मोकळे बोलणे.